गेलेल्या दाताची जागा

शरीराचे जे भाग एकदा गेले म्हणजे पुन्हा येत नाहीत, त्यांत दातांइतका बेफिकिरीने गमावला जाणारा भाग दुसरा क्वचितच असेल. दुधाचे वीस दात पडल्यावर निसर्ग त्यांची भरपाई एकदा करून देतो; त्यानंतर येणाऱ्या बत्तिशीच्या बाबतीत मात्र दुसऱ्या भरपाईची तरतूद त्याच्या कारभारात नाही. असे असूनही, रात्रभर ठणकलेली दाढ सकाळी दवाखान्यात जाऊन ‘एकदाची काढून टाका’ असे निकराने सांगणारा गृहस्थ त्या रिकाम्या जागेचे पुढे काय करावयाचे हा विचार दोन-चार वर्षे तहकूब ठेवतो, आणि समोरची व शेजारची दाढही कुरकुर करू लागली म्हणजे तोच प्रश्न दुप्पट खर्चानिशी पुन्हा हाती घेतो. गेलेला दात बसविण्याचे कवळी, ब्रिज आणि इम्प्लांट असे तीन मार्ग आज तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहेत. त्यांपैकी कोणता कोणास मानवेल, त्यासाठी करावी लागणारी शस्त्रक्रिया कशी असते व तिच्यापासून काय अपेक्षा धरावी, याचा साकल्याने विचार करू लागले असता एक गोष्ट वारंवार पुढे येते, ती ही की, दात बसविण्याचा निर्णय वस्तुतः दात काढण्यापूर्वीच घ्यावयाचा असतो.

याचे कारण दाताखालच्या हाडात सापडते. जबड्याच्या ज्या कडेत दातांची मुळे रुतलेली असतात ती कड दातांबरोबर वाढते आणि दातांबरोबरच झिजते. मूळ उपटले गेले की तिला टिकून राहण्याचे प्रयोजन उरत नाही. साधारणतः दात काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षात त्या जागी हाडाची रुंदी निम्म्याच्या आसपास घटते, आणि त्यांतील बरीच मोठी घट पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. इकडे हाड आटत असता तिकडे शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलू लागतात, समोरच्या जबड्यातील दात आधार न सापडल्याने खाली किंवा वर सरकतो, त्यांच्या फटींत अन्न अडकून नवी कीड लागते. आणि ज्यांचे सगळेच दात गेले त्यांची हनुवटी नाकाकडे येऊ लागून गाल बसतात व तोंडाचे बोळके होते. म्हणून जो वैद्य दात काढतानाच त्या खळग्यात हाडाची भुकटी भरून ती जागा राखून ठेवण्याचा पर्याय सुचवितो, तो केवळ बिल वाढवितो असे मानण्याची घाई करू नये. पुढे इम्प्लांट बसवावयाचे असेल तर ही तजवीज पुष्कळदा मोठी शस्त्रक्रिया वाचविते.

दात जाण्याची कारणे ठाऊक नाहीत असा मनुष्य विरळा. कीड, हिरड्यांचा पायोरिया आणि अपघात ही कारणे सर्वत्र सारखीच आहेत. परंतु महाराष्ट्रात त्यांच्या जोडीला मिश्री, तंबाखू व सुपारी उभ्या आहेत. तंबाखू भाजून, काळी करून, कुटून केलेली मिश्री बोटाने हिरड्यांवर चोळण्याची सवय आपल्या ग्रामीण स्त्रियांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि ‘मिश्रीने दात घट्ट होतात’ ही समजूतही तिच्याबरोबर चालत आली. या समजुतीला आधार वाटण्याजोगे एक कारण आहे. तंबाखूतील निकोटिनामुळे हिरड्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्यामुळे हिरडीतून रक्त येणे हे रोगाचे पहिले लक्षण लपून राहते, आणि आतून हाड झिजत असता बाहेरून सारे ठाकठीक दिसते. ज्या दिवशी दात हलतो त्या दिवशी बहुधा उशीर झालेला असतो. सुपारीची कथा निराळी आहे. तिच्या सतत चघळण्याने गालांच्या आतले अस्तर ताठरते व तोंड उघडेनासे होते. गुटख्यावर राज्य शासनाने 2012 साली बंदी घातली, तरी त्यापूर्वी जडलेली ही व्याधी घेऊन जो मनुष्य कवळीचे माप द्यावयास येतो, त्याच्या तोंडात मापाचा साचा तरी कसा शिरवावा, येथूनच अडचणीस आरंभ होतो.

प्रत्येक रिकामी जागा भरलीच पाहिजे असा मात्र नियम नाही. नेदरलँड्समधील नायमेगेन विद्यापीठाचे कायझर यांनी 1981 च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, मागच्या दाढा गेल्या तरी पुढचे दात व उपदाढा शाबूत असतील तर पुष्कळ माणसांचे चर्वण, उच्चार व रूप यांचे काम समाधानकारकपणे चालते. जपानने 1989 साली आरंभिलेल्या मोहिमेचे ध्येयही ऐंशीव्या वर्षी स्वतःचे वीस दात राहावेत असे होते, बत्तीस नव्हे. तेव्हा अगदी शेवटची दाढ गेली, तिच्या समोरचीही नाही, आणि भाकरी चावताना काही अडत नाही, अशा साठीच्या मनुष्यास ‘काही करू नका, सहा महिन्यांनी दाखवून जा’ हा सल्ला मिळाला तर तो वैद्याच्या आळसाचा पुरावा समजू नये.

दात काढण्याविषयीची भीती हा या विषयाचा वेगळाच अध्याय आहे. वरची दाढ काढली की डोळा जातो, असे आजही घरोघर ऐकू येते. सुश्रुतसंहितेत मुखरोग पासष्ट सांगितले आहेत, त्यांत दातांच्या मुळांचे पंधरा व दातांचे आठ; दात उपटण्याचे दंतशंकु हे शस्त्रही तेथे वर्णिलेले आहे; आणि वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो काढू नये, कारण अतिरक्तस्रावाने मनुष्य एका डोळ्याने अधू होतो किंवा त्याचे तोंड वाकडे होते, असा स्पष्ट इशाराही त्याच ग्रंथात दिलेला आहे. रक्त थांबविण्याची साधने तुटपुंजी असलेल्या काळात हा इशारा शहाणपणाचाच होता. परंतु शरीररचनाशास्त्राने पुढे दाखवून दिले की, दृष्टी वाहून नेणारी मज्जातंतूंची दुसरी जोडी आणि वरच्या दातांची संवेदना वाहून नेणारी पाचव्या जोडीची शाखा, यांचे मार्ग अगदी भिन्न आहेत; योग्य रीतीने दाढ काढल्याने नजर जात नाही. उलट, वरच्या सुळ्याच्या किंवा दाढेच्या मुळाशी साठलेला पू तसाच कुजत ठेवला तर तो डोळ्याच्या खोबणीकडे, क्वचित मेंदूलगतच्या शिरांपर्यंत पसरू शकतो. म्हणजे भीती बाळगावयाची ती दात काढण्याची नव्हे, सडका दात सांभाळीत बसण्याची.

वेदनेची भीतीही आता पुष्कळशी इतिहासजमा व्हावयास हरकत नाही. अमेरिकेतील हॉरेस वेल्स या दंतवैद्याने डिसेंबर 1844 मध्ये नायट्रस ऑक्साइड वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. पुढच्या महिन्यात बोस्टन येथे केलेले त्याचे जाहीर प्रात्यक्षिक फसले. आणि त्याचाच पूर्वीचा भागीदार विल्यम मॉर्टन याने 16 ऑक्टोबर 1846 रोजी इथरचा प्रयोग यशस्वी करून साऱ्या शस्त्रवैद्यकाला बधिरीकरणाची देणगी दिली. आज दवाखान्यात टोचले जाणारे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमधील लोफग्रेन यांनी 1943 साली तयार केले. त्यात बहुधा ॲड्रेनॅलिनचा अंश मिसळलेला असतो, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो व बधिरता अधिक काळ टिकते. सुई टोचल्यावर घटकाभर छाती धडधडते तीही त्याच्यामुळेच. रोग्याने एवढे ध्यानात ठेवावे की बधिर झालेल्या जागी वेदना नाहीशी होते, पण दाब व ओढ जाणवतच राहते. दाढ हलविताना जबड्यावर येणारा जोर आणि कानाशी ऐकू येणारा करकर आवाज यांवरून ‘औषध चढले नाही’ असा ग्रह करून घेऊ नये. धारदार वेदना झाली तर मात्र हात वर करावा. आणखी औषध देता येते.

आता बसविण्याच्या मार्गांकडे वळू. कवळीचा इतिहास जुना आहे. जपानात सोळाव्या शतकात लाकडाच्या कवळ्या होत्या. जॉर्ज वॉशिंग्टनची कवळी लाकडाची होती ही दंतकथा असून तिच्यात हस्तिदंत, पाणघोड्याचा दात, धातू आणि माणसांचे दात वापरलेले होते. 1815 च्या वॉटर्लूच्या रणांगणावर मेलेल्या सैनिकांचे दात काढून युरोपातील श्रीमंतांच्या कवळ्यांत बसविले गेले, हा त्या इतिहासातील लाजिरवाणा भाग होय. 1850 नंतर कडक केलेल्या रबराने आणि 1930 नंतरच्या दशकात आलेल्या ॲक्रिलिकने कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. संपूर्ण कवळीसाठी माप, चावा, मेणातील चाचणी आणि अखेरची बसवणी अशा चार-पाच खेपा घालाव्या लागतात; मेणाच्या चाचणीच्या वेळी घरचे माणूस बरोबर न्यावे, कारण दातांचा रंग व ठेवण बदलावयाची असेल तर ती त्याच वेळी बदलता येते, नंतर नव्हे.

कवळी मिळाली म्हणजे पूर्वीचे दात परत आले असे समजणाऱ्याची निराशा ठरलेली. पहिल्या आठवड्यात तोंडाला पाणी सुटते, ‘स’ आणि ‘श’ घसरतात, एखाद्या ठिकाणी हिरडी सोलवटून निघते. यांपैकी लाळ व उच्चार सरावाने ताळ्यावर येतात, सोलवटलेल्या जागेसाठी मात्र घरी कानशीने घासत न बसता दवाखान्यातच जावे. वरची कवळी टाळूवर लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून बसते. खालच्या कवळीला टाळूचा आधार नाही, शिवाय जीभ तिला एकसारखी उचलत राहते, म्हणून शंभरांतील बहुतेक तक्रारी खालच्या कवळीच्या असतात. चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या मानाने चतुर्थांशाच्या आसपास राहतो. तेव्हा आरंभी वरण-भात, मऊ भाकरी, दोन्ही बाजूंनी थोडे थोडे चावणे, आणि ऊस व हुरडा यांची हौस पुढे ढकलणे हाच मार्ग. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात नव्हे, कारण ती वाकते. आणि हाड आटत जाते म्हणून काही वर्षांनी तिला आतून नवे अस्तर द्यावे लागते, ही तिची नित्याची देखभाल आहे, दोष नव्हे.

एक-दोन दातच गेले असतील तर काढता-घालता येणारी लहान कवळी हा स्वस्त उपाय, आणि ब्रिज हा कायमचा बसणारा उपाय. ब्रिजमध्ये रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात चहूंकडून घासून बारीक करतात व तीन जोडटोप्या एकदम चिकटवितात. शस्त्रक्रिया नाही, दोन-तीन खेपांत व दोन आठवड्यांच्या आत काम होते, हे त्याचे मोठे आकर्षण. पण शेजारचे दात निरोगी असतील तर त्यांचे घासून टाकलेले कवच पुन्हा कधीही येत नाही, आणि मधल्या खोट्या दाताखालील हाड झिजावयाचे ते झिजतेच. त्या शेजाऱ्यांवर आधीच मोठी भरणी किंवा टोप्या असतील तर मात्र ब्रिजसारखा सोयीचा उपाय नाही. त्याच्या खालून बारीक ब्रश किंवा धागा रोज फिरवावा लागतो. ज्यास हे जमणार नाही त्याने तो घेऊ नये. आणि रस्त्याकाठी बसून दहा मिनिटांत शेजारच्या दाताला ॲक्रिलिकने ‘फिक्स दात’ चिकटवून देणाऱ्याकडे तर जाऊच नये, कारण त्या गोळ्याखाली सडलेली हिरडी शेवटी शेजारचे दोन्ही दात घेऊन जाते.

इम्प्लांटची कथा स्वीडनमध्ये सुरू होते. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हे संशोधक 1952 साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची लहानशी नळी बसवून रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढू गेले तर ती निघेना, हाड तिला एकजीव होऊन बिलगले होते. या अनपेक्षित अडचणीचा अर्थ ओळखून त्यांनी 1965 साली यस्टा लार्सन या रोग्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसविले, आणि ते खुंट त्या गृहस्थाच्या 2006 मधील मृत्यूपर्यंत कामी आले. तरीही युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली ती 1982 च्या टोरांटो परिषदेनंतर, म्हणजे पहिल्या रोग्यानंतर सतरा वर्षांनी.

प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत हिरडीवर लहानसा छेद घेऊन हाडात क्रमाक्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या ड्रिलांनी भोक पाडतात व त्यात साधारण चार मिलिमीटर जाडीचा आणि दहा-बारा मिलिमीटर लांबीचा स्क्रू फिरवून बसवितात. येथे सर्वांत नाजूक गोष्ट उष्णता ही आहे: हाड मिनिटभर 47 अंश सेल्सियसपर्यंत तापले तरी त्यातील पेशी मरू लागतात व मेलेले हाड टायटॅनियमला धरीत नाही. म्हणून ड्रिलवर सलाइनची थंड धार एकसारखी सोडलेली असते, नवे धारदार ड्रिल वापरले जाते, आणि वैद्य थांबून थांबून, वर-खाली करीत काम करतो. तोंडात साचलेले पाणी नळी शोषून घेत असता खुर्चीवरील रोग्यास ही सावकाशी कंटाळवाणी वाटली तरी तीच त्याच्या हिताची असते. एका इम्प्लांटाचे काम बहुधा तासाभरात आटोपते, आणि पुष्कळ रोगी असे सांगतात की दाढ काढण्याहून त्रास कमी झाला. मग मात्र प्रतीक्षा: खालच्या जबड्यात दोन-तीन महिने, वरच्या जबड्यातील हाड विरळ असल्याने तीन ते सहा महिने; त्यानंतर वर टोपी बसते. वरच्या दाढांच्या जागी सायनसची पोकळी खाली उतरलेली असेल तर तिचे अस्तर उचलून हाड भरण्याची वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते व मुदत आणखी लांबते. दहा वर्षांनंतर शंभरांपैकी नव्वदांहून अधिक इम्प्लांट जागेवर असतात हे खरे. तथापि खरा दात हाडात झोळीसारख्या तंतूंवर तोललेला असल्याने दाब सोसतो व तो दाब जाणवूनही देतो, इम्प्लांटास ती सोय नाही. त्याला कीड लागत नाही, पण त्याच्याभोवतीची हिरडी मात्र पायोरियासारख्याच विकाराने सडू शकते, आणि ती सडली की हाड जाते.

शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सांगून टाकणे बरे. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा. पहिले चोवीस तास थुंकू नये, चूळ जोराने भरू नये, स्ट्रॉने पिऊ नये, गरम चहा टाळावा, कारण खळग्यात बसलेली रक्ताची गुठळी हेच खरे मलम असते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हलक्या गुळण्या. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते व मग उतरू लागते. तीन दिवसांनंतर ती वाढू लागली, ताप आला किंवा गिळताना त्रास झाला तर तेव्हाच दाखवावे. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी कानापर्यंत कळ जाऊन तोंडाला दुर्गंधी सुटली तर गुठळी निसटून हाड उघडे पडले आहे असे समजावे. खालच्या अक्कलदाढेनंतर आणि तंबाखू ओढणाऱ्यांत हे अधिक घडते, औषधी पट्टी ठेवून ते बरे होते. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारा मज्जातंतू दाढांच्या मुळांखालून जातो. त्याला धक्का लागल्यास ओठ बधिर राहतो, बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो, क्वचित कायमचा राहतो. अडचणीच्या जागी आधी त्रिमिती स्कॅन काढण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

काही रोग्यांनी आपली हकीकत न विचारताही सांगावी. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरत नाही व इम्प्लांट धरत नाही; तो ताब्यात असेल तर केवळ त्याच्या नावाने नकार देण्याचे कारण नाही. हाडे ठिसूळ होतात म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शने चालू असणाऱ्यांत, आणि घशाच्या अथवा तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार झालेल्यांत, दात काढल्यानंतर जबड्याचे हाड मृत होण्याचा धोका असतो. रक्त पातळ करणारी औषधे स्वतःच्या मताने बंद करू नयेत, कारण दाढेच्या रक्तस्रावाहून हृदयाचा झटका महाग पडतो. धूम्रपानाने इम्प्लांट फसण्याचे प्रमाण दुपटीच्या आसपास जाते. जबड्याची वाढ पुरी न झालेल्या मुलांत तर ते बसवूच नये.

कोणाच्या हाती आपला जबडा द्यावा, याचीही एक व्यवस्था आहे. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 साली कोलकात्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय काढले; मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयाची स्थापना 1933 ची. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदवही सुरू केली आणि तिच्या दुसऱ्या भागात, पदवी नसतानाही पाच वर्षे हाच व्यवसाय उपजीविकेसाठी केलेल्यांना सामावून घेतले. 2023 साली संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत केला. राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारणे हा रोग्याचा हक्क आहे. खर्चाचे म्हणावे तर एका इम्प्लांटाचा हिशेब खासगी दवाखान्यात दहा-दहा हजारांच्या पटीत चालतो, आणि सर्वसाधारण आरोग्यविम्यात अपघाताखेरीज दातांचा खर्च बहुधा मिळत नाही. उलट शासकीय व महापालिकेच्या दंत महाविद्यालयांत कवळी माफक शुल्कात होते, मात्र वेळ व खेपा अधिक लागतात.

सारांश इतकाच निघतो की तरुण वयात एखादा दात गेला, शेजारी निरोगी आहेत आणि तंबाखू नाही, तर इम्प्लांट. शेजाऱ्यांवर आधीच टोप्या असतील तर ब्रिज. सगळेच दात गेलेल्या वृद्धास वर साधी कवळी आणि ऐपत असेल तर खाली दोन इम्प्लांटांवर अडकविलेली कवळी. आणि शेवटच्या एकट्या दाढेसाठी पुष्कळदा काहीच नाही. परंतु हे सारे पर्याय खुले राहावेत म्हणून, दाढ काढावी की नाही हे ठरण्यापूर्वीच तीन गोष्टी विचाराव्यात: रूट कॅनल करून ती वाचते काय, वाचत नसेल तर तिच्या जागी काय येणार, आणि तोवर तेथले हाड कसे राखणार. रात्रीची असह्य कळ हे घाईचे कारण होऊ शकत नाही, कारण दाढेत वाट करून दाब मोकळा केला व योग्य औषध दिले म्हणजे ती बहुधा त्याच दिवशी शमते आणि विचारास आठवडा मिळतो. अपवाद एकच: जबड्याखाली पसरणारी सूज, ताप आणि गिळण्यास किंवा श्वासास अडथळा दिसला तर तीनही प्रश्न बाजूस ठेवून थेट मोठ्या रुग्णालयाचा रस्ता धरावा.